सन सिटीला पहिल्यांदाच निघालात? मग हे वाचून निघा

जोहान्सबर्गला राहायला आलो आणि पगाराच्या नोकरीबरोबर एक बिनपगारी नोकरीही गळ्यात पडली. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांना सन सिटी दाखवायची. मामा-मामी झाले, सासू-सासरे झाले, कॉलेजचा ग्रुप झाला, मागच्या वर्षी आत्या येऊन गेली. प्रत्येक वेळी तेच प्रश्न: पैसे किती घ्यायचे, मुलांना आत सोडतात का, शाकाहारी माणसाचं काय? आणि मग जरा आवाज खाली आणून, "आपण खेळलो तर चालतं ना रे?"

चालतं. कसं, ते क्रमाने सांगतो.

जागा कोणती आणि ती तिथेच का

सन सिटी हे शहर नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात, जोहान्सबर्गहून गाडीने दोन-अडीच तासांवर, पिलानेसबर्गच्या डोंगरांना टेकून वसवलेलं ते एक अवाढव्य रिसॉर्ट आहे. सोहो, कबानाज, कॅस्केड्स आणि पॅलेस ऑफ द लॉस्ट सिटी अशी चार हॉटेलं, दोन गोल्फ कोर्स, लाटा येणारा कृत्रिम समुद्रकिनारा, दुकानं, सभागृह आणि कॅसिनो.

एवढं सगळं आडरानात का बांधलं, हा प्रश्न आमच्या मामांनी पहिल्याच फेरीत विचारला होता, आणि तो रास्त आहे. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत जुगाराला बंदी होती. पण त्याच सरकारने काळ्या लोकांना देशाच्या नागरिकत्वातून बाहेर ढकलण्यासाठी 'होमलँड' नावाचे तुकडे पाडले होते. त्यातला बोफुथात्स्वाना हा तुकडा १९७७ मध्ये 'स्वतंत्र' जाहीर झाला. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाने त्याला मान्यता दिली नाही, पण कागदावर कायदा वेगळा झाला आणि तिथे जुगार चालू शकला. सोल कर्झनर या हॉटेल व्यावसायिकाने ती फट बरोबर हेरली आणि डिसेंबर १९७९ मध्ये सन सिटी सुरू केली. शनिवार-रविवारी जोहान्सबर्ग-प्रिटोरियाहून गाड्यांची रीघ लागायची. जगभरच्या अनेक कलाकारांनी मात्र इथे गाणार नाही म्हणून बहिष्कार घातला. काही जण घसघशीत मानधन घेऊन गाऊन गेले आणि त्याची बोलणीही त्यांनी खाल्ली.

आपल्या लोकांना ही जागा माहीत झाली ती नोव्हेंबर १९९४ मध्ये. ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली ती इथेच. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी भारत आणि दक्षिण आफ्रिकेचे राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले होते. त्याआधीच्या भारतीय पासपोर्टवर तर 'दक्षिण आफ्रिका सोडून' असा शिक्काच असायचा. आत्याच्या मिस्टरांच्या जुन्या पासपोर्टवर तो होता. ती लॉबीत उभी राहून सगळ्यांना तेच सांगत होती.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधीच काढावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाला. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येत असाल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. दुबई-दोहामार्गे आलात तर ही कटकट नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले घ्या, एकच पालक असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही.

ऋतू उलटे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मे महिन्याच्या सुट्टीत येणारा प्रत्येक जण एक पातळ जॅकेट घेऊन येतो आणि पहाटे कुडकुडतो. जून ते ऑगस्ट इथला हिवाळा. दुपार छान उबदार, पण पहाटे उघड्या सफारी गाडीत बसलात तर नाकाचा शेंडा बधिर होतो. कानटोपी आणा, लाजू नका. दिवाळीत आलात तर उन्हाळा सुरू झालेला असतो आणि दुपारनंतर ढगांचा गडगडाट.

पिलानेसबर्गच्या भागात मलेरिया नाही. क्रुगर अभयारण्यात जाताना गोळ्या घ्याव्या लागतात, इथे नाही. लहान मुलं किंवा वयस्क मंडळी असतील तर एवढ्या एका कारणासाठीही मी हीच जागा सुचवतो.

आणि प्लग. इथलं जुनं सॉकेट म्हणजे आपल्या गीझरची किंवा एसीची ती जाडी तीन गोल पिन. मोबाइलचा चार्जर त्यात जात नाही. घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून जाड पिनचा कन्व्हर्टर घेऊन या, विमानतळावर त्याचे पाचपट पैसे पडतात.

पोचायचं कसं

भाड्याची गाडी असेल तर उत्तम. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. इंग्रजीत छापलेला, फोटो असलेला परवाना चालतो, तरी गाडी देणारे कधी कधी आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. निघण्यापूर्वी आरटीओतून तो काढून ठेवला की वाद नको. एन फोर महामार्ग रुस्टेनबर्गच्या दिशेने धरायचा आणि पुढे आर ५५६ने सन सिटी. वाटेत टोल आहेत. सिग्नलला इथे 'रोबो' म्हणतात, त्यामुळे कुणी "दुसऱ्या रोबोला डावीकडे" असं सांगितलं तर गोंधळू नका.

दिवसाउजेडी पोचा. हे मी पाहुण्यांना जरा दटावूनच सांगतो. आर ५५६वर अंधारात गाई, गाढवं आणि माणसं रस्त्यावर असतात, आणि दिवे सगळीकडे नाहीत. पेट्रोल पंपावर उतरायचं नाही, पंपावरचा माणूस पेट्रोल भरतो, काच पुसतो. त्याला पाच-दहा रँड (इथलं चलन) द्यायची रीत आहे. एटीएमपाशी कुणी "मदत करू का" म्हणून जवळ आला तर कार्ड काढून चालू पडा.

गाडी चालवायची नसेल तर जोहान्सबर्गहून सहलीच्या गाड्या मिळतात. फक्त सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणारी सहल घेऊ नका. चार-पाच तास प्रवासात जातात, दुपार पाण्यात, आणि शेजारच्या अभयारण्यातली जनावरं बघायची वेळ नेमकी चुकते. दोन रात्री हे माझं माप आहे.

हॉटेल निवडताना

पॅलेस हे १९९२ मध्ये बांधलेलं, हत्तींचे पुतळे आणि घुमट असलेलं राजेशाही प्रकरण. एका हरवलेल्या प्राचीन नगरीचे अवशेष सापडले अशी कपोलकल्पित कथा रचून त्याभोवती ते उभारलं आहे. भग्न भिंतीसुद्धा नव्या कोऱ्या. सासरे पुरातत्त्वाचे हौशी. त्यांनी अर्धा तास एका खांबावर हात फिरवला आणि "सिमेंट आहे रे" म्हणाले. बघायला जरूर जा, राहायचं की नाही ते खिशाला विचारा.

कुटुंब असेल तर कबानाज. साधं, मोकळं, हिरवळीला लागून. तिथे एक नियम अगदी काटेकोर पाळा: गॅलरीचं दार उघडं टाकायचं नाही. आम्ही एकदा टाकलं. मामी अंघोळीला गेल्या होत्या, टेबलावर बाकरवडीचं पाकीट होतं. एक थोराड बबून माकड आत आलं, पाकीट उचललं, दात लावून फोडलं आणि गॅलरीच्या कठड्यावर बसून एकेक बाकरवडी बोटांनी उचलून खाऊ लागलं. मधेच थांबून माझ्याकडे बघितलं. मी दार लावून घेतलं. बबूनशी वाद घालू नये, त्याचे सुळे बघितलेत तर घालणारही नाही.

मुख्य कॅसिनो सोहो हॉटेलला जोडून आहे. रात्री उशिरापर्यंत तिथेच बसायचा बेत असेल तर सोहो सोयीचं, बाकीच्यांना रिसॉर्टच्या आत फिरणाऱ्या शटल बस आहेत. फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना फाटकावर प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि ते सुट्टीच्या हंगामाप्रमाणे बदलतं. राहणाऱ्यांना काय काय फुकट आहे, लाटांचा तलाव दुरुस्तीसाठी बंद तर नाही ना, हे बुकिंग करतानाच विचारा.

कॅसिनोत पहिलं पाऊल

गोव्याचा अनुभव असेल तर काही गोष्टी विसरा. मांडवीतल्या बोटीवर प्रवेशाचं पॅकेज असतं, त्यात जेवण आणि पेयं येतात, आणि वय २१ लागतं. इथे वय १८. आत शिरायला वेगळं तिकीट नाही, पण फुकट जेवणही नाही. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची कॅसिनोशी ओळख सिनेमातलीच असते. तसं कुणी टक्सिडो घालून आलेलं नसतं. साधे नीट कपडे पुरेत, पोहण्याचे आणि ओले तेवढे नकोत.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. मुलांना खेळाच्या जागेत अजिबात सोडत नाहीत, बाबांच्या मागे उभं राहून बघणंसुद्धा नाही. म्हणून दोन मोठ्यांनी पाळ्या लावायच्या. टेबलाजवळ फोन काढायचा नाही, फोटो तर नाहीच.

आता पैसे. खोलीतून निघतानाच आजची रक्कम वेगळी काढा आणि कार्ड तिजोरीत ठेवून जा. ही रक्कम म्हणजे नाटकाचं तिकीट. तिकिटाचे पैसे परत येत नाहीत आणि तीन तास बरे गेले तर कुणी कुरकुरतही नाही. "गेलेले तेवढे काढतो आणि उठतो" हे वाक्य मी चार वेगवेगळ्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलंय, चौघेही आणखी घालवून उठले. रँडचा भाव वरखाली होत असतो. टेबलावर बसून रुपयांत गुणाकार करत बसलात तर मजा जाते. तो गुणाकार खोलीत करून या.

स्लॉट मशीन

सगळे इथूनच सुरुवात करतात, कारण कुणाशी बोलावं लागत नाही. मशीनवर '५ सेंट' लिहिलेलं असतं आणि माणूस फसतो. पाच सेंट हा एका ओळीचा, म्हणजे पडद्यावर चित्रं जुळायच्या एका रेषेचा दर. मशीनवर पन्नास ओळी चालू असतील तर एका दाबाचे अडीच रँड. मिनिटाला दहा वेळा बटण दाबलं तर तासाला दीड हजार रँडचा खेळ होतो. तेवढे सगळे जात नाहीत, मधून मधून परत येत राहतात, पण प्रत्येक फेरीत थोडे गळतात. म्हणून बसल्यावर पहिलं काम म्हणजे ओळी आणि दर ओळीवर लागणाऱ्या पैशांचे पट बघून कमी करणं, आणि मग सावकाश खेळणं. "आता बराच वेळ लागलं नाही, म्हणजे आता लागणार" हे मशीनला माहीत नसतं. प्रत्येक फेरी नवी.

रूलेट, आत्याच्या शेजारी बसून

आत्या गणिताची शिक्षिका, निवृत्त. ती मशीनकडे फिरकली नाही, थेट रूलेटपाशी गेली, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर चेंडू सोडतात त्या खेळापाशी. तिच्या शेजारी मी बसलो होतो, म्हणून हा भाग तपशिलात सांगतो.

आधी चाक बघायचं. त्यावर शून्य एक आहे की दोन? एक शून्य असेल तर एकूण ३७ घरं. एका आकड्यावर लावलेले जिंकले तर एकाला ३५ मिळतात. खरा हिशोब ३६चा व्हायला हवा. जे एक कमी मिळतं ती कॅसिनोची कमाई, साधारण २.७ टक्के. दोन शून्यांच्या चाकावर ती ५.२६ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आत्याने चाकाभोवती एक फेरी मारली, मान डोलावली आणि बसली.

पैसे डीलरच्या, म्हणजे टेबलावर खेळ चालवणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे. तिने पाचशे रँड ठेवले. डीलरने नोटा पंख्यासारख्या पसरून वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मांडल्या आणि तिच्याकडे निळ्या चकत्यांचा गठ्ठा सरकवला. रूलेटच्या टेबलावर प्रत्येकाला वेगळा रंग मिळतो, म्हणजे कुणाची चकती कुठे ते कळतं. हा रंग फक्त त्या टेबलापुरता. उठताना त्या चकत्या परत देऊन नेहमीच्या चिप्स, म्हणजे कॅसिनोत पैशांच्या जागी चालणाऱ्या चकत्या घ्यायच्या, आणि त्या कॅशियरच्या खिडकीवर मोडायच्या.

तिने लाल, सम आणि एक चकती १७वर लावली. तो तिच्या दादरच्या जुन्या खोलीचा नंबर. चेंडू फिरू लागल्यावर थोडा वेळ चकत्या ठेवता येतात. डीलर टेबलावरून हात फिरवून "नो मोअर बेट्स" म्हणाला की संपलं, मग चकतीला बोटही लावायचं नाही. निकाल लागल्यावर जिंकलेल्या आकड्यावर डीलर एक छोटी खुंटी ठेवतो. ती उचलेपर्यंतही हात लांब. आत्याने गडबडीने हात पुढे केला, तर डीलर हसून म्हणाला, "वन मोमेंट, मा." ती वर्गात मुलांना म्हणायची तसंच.

१७ एकदा आला. पण तेव्हा तिने नेमकी चकती २०वर सरकवली होती. दीड तासाने १८० रँड हातात घेऊन उठली. ३२० रँडमध्ये दीड तास आणि पुढे वर्षभर सांगायला गोष्ट. शंभर-शंभर रँड चाळीस फेऱ्या लावले तर सरासरीने १०८ रँड जातात, हे गणित तिनेच मला बसमध्ये करून दाखवलं. सरासरी म्हणजे काय आणि प्रत्यक्ष म्हणजे काय, हेही.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाला बसायचं तर पहिल्यांदा मागे उभं राहून दहा मिनिटं बघा. पान हवं असेल तर टेबलावर बोट टेकवायचं, नको असेल तर तळवा आडवा हलवायचा. तोंडी बोलून भागत नाही, कॅमेऱ्याला खूण दिसायला हवी. रमी-तीन पत्ती खेळून आलेल्यांची एक खोड असते, पानं हातात घेऊन छातीशी धरायची. उघडी वाटलेली पानं उचलायची नसतात.

चुकून मोठी रक्कम जिंकलात तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. भारतातल्या रहिवाशाला परदेशातल्या जिंकलेल्या पैशावरही घरी कर आहे, ३० टक्के आणि वर उपकर. आणि देशाबाहेर जाताना रोख रँड २५ हजारांपर्यंतच नेता येतात. कुणाला खेळ आवरत नसेल, तर स्वतःला कॅसिनोबंदी लावून घ्यायची कायदेशीर सोय इथे आहे. तसा माणूस घरात असेल तर त्याला घेऊन इथे येऊच नका, हे स्पष्टच सांगतो.

पाणी आणि पोट

व्हॅली ऑफ वेव्ह्ज, म्हणजे तो लाटांचा कृत्रिम किनारा, मुलांसाठी. पूर्ण दिवस द्या, सकाळी लवकर जाऊन सावलीची जागा धरा.

शाकाहारींनी 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणून थांबू नये. "चिकन नको, मासे नको, मांसाचं पाणीसुद्धा नको" असं सांगा. कोंबडी म्हणजे मांस नव्हे, असं मानणारे बरेच भेटतात. मक्याच्या पिठाचा 'पाप' मागवा. आपल्या उकडीच्या जवळचा पदार्थ, टोमॅटो-कांद्याच्या रश्शाबरोबर छान लागतो. जेवणाच्या बिलावर दहा टक्के टीप देतात. कार्ड मशीन "रुपयांत की रँडमध्ये" विचारेल, रँडच निवडा, नाहीतर भाव त्यांच्या मर्जीचा लागतो.

कामावरची मंडळी बहुतेक त्स्वाना भाषक. "डुमेला" म्हणजे नमस्कार, पुरुषाला पुढे "रा", बाईला "मा". आभार मानायला "के आ लेबोगा". आत्या पहिल्या दिवशी शिकली आणि न्याहारीला तिच्या टेबलावर सगळ्यांत आधी चहा येऊ लागला.

पहाटेचं पिलानेसबर्ग

हे चुकवलंत तर अर्धीच सन सिटी बघितलीत. रिसॉर्टला खेटून साडेपाचशे चौरस किलोमीटरहून मोठं अभयारण्य आहे. सव्वाशे कोटी वर्षांच्या आसपासच्या एका ज्वालामुखीचे झिजून उरलेले कड्यांचे वर्तुळाकार डोंगर, आणि मधोमध मान्क्वे तलाव. इथे आधी शेती होती. १९७९ मध्ये 'ऑपरेशन जेनेसिस' नावाने सहा हजारांवर जनावरं बाहेरून आणून सोडली. त्या जागेवरून उठवलेल्या कुटुंबांची गोष्ट सहलीत कुणी सांगत नाही, तुम्ही वाटाड्याला विचारा.

सन सिटीहून बाकुबुंग फाटक जवळ. स्वतःची साधी गाडी घेऊन आत फिरता येतं, काचा वर आणि ठरलेल्या जागांशिवाय खाली उतरायचं नाही. पण पहिली फेरी वाटाड्याबरोबर उघड्या गाडीतून करा, पहाटेची. त्याला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. फाटकाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या रात्री स्वागतकक्षात विचारून ठेवा. म्हणूनच कॅसिनो पहिल्या रात्री ठेवू नका. दोनला झोपलेला माणूस पाचला उठत नाही, आणि उठलाच तर गेंड्यासमोर घोरतो. मामा घोरले होते.

परतताना

खोली सोडण्याआधी सगळे खिसे आणि पर्स झटका. उरलेल्या चिप्स तिथेच मोडून घ्या, पुढे कुठेच चालत नाहीत. खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. अडीचशे रँडच्या वर खरेदी असेल आणि वस्तू देशाबाहेर नेत असाल तर १५ टक्के व्हॅट विमानतळावर परत मागता येतो. त्या खिडकीवर वस्तू दाखवावी लागते, म्हणून बॅग चेक-इन करण्याआधी तिथे जा. मामींनी लाकडी जिराफ आधीच बॅगेत घालून पट्ट्यावर सोडला होता.